न लागलेल्या नोकरीचा राजीनामा

त्या दोन वर्षांत मी घरातलं सगळं काम केलं आणि तरी गावाच्या लेखी मी रिकामाच होतो. पहाटे उठून म्हशीचं दूध काढायचो, धानाच्या बांधीला पाणी सोडायचो, रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या डोक्यावर वाहायचो, धान चुरायला, मळणीला, ट्रॅक्टर आला की दिवसभर त्याच्या मागं धूळ खात उभा राहायचो. पण बी.कॉम. झालेल्या पोरानं हे केलं तर त्याला आमच्याकडं काम म्हणत नाहीत, वेळ काढणं म्हणतात. पानठेल्यावर कोणी विचारलं, ‘काय करून राहिला खेमू?’ तर ‘शेती’ म्हणायचीही सोय नव्हती. शेती बाबा करत होते. मी ‘घरी’ होतो. घरात कोणाला जुनं दुखणं असलं की जसा आवाज खाली घेऊन सांगतात, तसं माझ्याबद्दल सांगायचे, ‘तो घरीच हाय सध्या.’

आमचं गाव केशोरीच्या पुढं, जंगलाला लागून. कौलारू घर, समोर मातीची सपरी, म्हणजे ओसरी, आत एका कोपऱ्यात धान साठवायची बांबूची ढोली आणि तिच्या वासानं भरलेली खोली. थोडी जमीन आमची, थोडी ठेक्यानं केलेली. सकाळी पेज, दुपारी भात आणि लाखोरीची डाळ, कधी अंबाडीची भाजी, आणि तोंडी लावायला केशोरीची मिरची, जी पाहुण्याला डोळ्यातून पाणी काढल्याशिवाय सोडत नाही. गावाच्या टोकाला भातगिरणी होती. तिचा भकभक आवाज सुरू झाला की माय म्हणायची, ‘लाइन आली पाय.’ घड्याळ, रेडिओ, मोबाइलचं चार्जिंग, सगळं त्या भकभकीवर चालायचं. मी मात्र त्या आवाजानं चिडायचो. जग कामाला लागलं आणि मी सपरीत बसलो आहे, असं तो आवाज मला रोज ओरडून सांगायचा.

माझे बाबा, तुलाराम, कमी बोलणारे. मला नोकरी नाही यावर ते मला कधी टाकून बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागायचं. शिव्या दिल्या असत्या तर उलट बोलता आलं असतं. त्यांनी फक्त शेतावर जायचा रस्ता बदलला. आधी ते पानठेल्यावरून जायचे, दोन घटका टेकायचे, सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घ्यायचे. आता बोडीच्या पारीवरून, तळ्याच्या बांधावरून, मागच्या मागं जायला लागले. लग्नाला गेले तर पहिल्या पंगतीत जेवून निघायचे, कारण दुसऱ्या पंगतीपर्यंत लोक बोलायला मोकळे होतात आणि कोणीतरी विचारतंच, ‘पोरगा काय करते तुहा?’ एकदा एका पाहुण्यानं विचारलंच. बाबांनी हातातल्या पाण्याच्या ग्लासकडं पाहिलं आणि म्हणाले, ‘परीक्षा देऊन राहिला.’ मी कोणतीही परीक्षा देत नव्हतो. पत्रावळी उचलत मी मागंच उभा होतो.

माझा पहिला रेझ्युमे केशोरीच्या मनोजभाऊंनी बनवला. मनोजभाऊंचं दुकान म्हणजे झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सातबारा, लग्नपत्रिका आणि नोकरी, सगळं एकाच टेबलावर. त्यांच्याकडं एक साचा होता. नाव, बापाचं नाव आणि गाव बदललं की रेझ्युमे तयार. वर इंग्रजीत एक भारदस्त वाक्य होतं. त्याचा अर्थ, मला आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेची व स्वतःची प्रगती साधायची आहे. आमच्या भागातल्या प्रत्येक पोराला तेव्हा आव्हानात्मक वातावरणच हवं होतं. पहिल्या मुलाखतीला गोंदियाला गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी चार-पाच कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि आम्हाला बाहेरून एकदमच आत बोलावलं. ‘क्यों भई, तुम सब को एक ही जैसा चैलेंज चाहिए क्या?’ बाकीची पोरं हसली, म्हणून मीही हसलो. मग त्यांनी माझा कागद उचलला. छंदाच्या रकान्यात ‘भजन गायन’ लिहिलं होतं. ते माझ्या आधीच्या कोण्या पोराचं होतं, मनोजभाऊ पुसायला विसरले होते. साहेब म्हणाले, ‘सुनाओ.’ नाही म्हणावं तर कागद खोटा ठरतो. मी गायलो. माझा आवाज म्हणजे ओल्या दाराची कुरकुर. दोन ओळींनंतर साहेबांनीच हात वर केला. येताना गाडीत मी स्वतःवर इतका चिडलो होतो की तो रेझ्युमे चार तुकडे करून खिडकीबाहेर टाकला, आणि त्याची सॉफ्ट कॉपी मनोजभाऊंकडं सुखरूप आहे हे आठवून अजूनच चिडलो.

मग मात्र मी हट्टाला पेटलो. अर्जुनीला कॉलेजच्या वाचनालयात इंग्रजी पेपर यायचा, त्यात नोकरीच्या जाहिरातींबरोबर अर्ज कसा लिहावा याचं एक सदर असायचं. ते वहीत उतरवून आणायचो. कव्हर लेटर हा प्रकार मला तिथं कळला. मला वाटायचं, अर्ज म्हणजे अर्ज, शाळेत सुट्टीचा करतात तसा. माझी पहिली कव्हर लेटरं खरोखरच सुट्टीच्या अर्जासारखी होती. सविनय, विनम्र, कृपावंत व्हावे, आपला आज्ञाधारक. वाचणाऱ्याला वाटावं, पोराला ताप आला आहे. हळूहळू त्यातली लोटांगणं मी काढली. सपरीत मांडीवर पाट घेऊन एकेक पत्र चार-चारदा लिहायचो, मग केशोरीला सायकलनं जाऊन टाइप करून मेल करायचो. आणि वाट पाहायचो.

उत्तर येत नसे. नकाराचंही येत नसे. हे दुःख कसलं असतं ते ज्यानं भोगलं त्यालाच कळावं. नकारात निदान कोणीतरी आपला कागद हातात धरला होता एवढं तरी समजतं. इथं पालथ्या घड्यावर पाणी. केशोरीहून रिकामा परत येताना मला कधी कधी असं वाटायचं की मी नसलो तरी काही अडणार नाही. धान पिकेल, म्हैस दूध देईल, आणि बाबा पुन्हा पानठेल्यावरून शेतावर जातील.  आता माझी पोरं मोठी होताहेत. ती उशिरापर्यंत झोपून राहिली तर मी बोलत नाही, दाराशी जाऊन फक्त श्वास ऐकून येतो.

मुलाखतीची तयारी हा आणखी वेगळा छळ. सगळीकडं पहिला प्रश्न एकच, स्वतःबद्दल सांगा. आता आमच्याकडं स्वतःबद्दल सांगायचं नसतं. धान कसं आहे विचारलं तर भरलेल्या बांधीकडं पाठ करून ‘ठीकच हाय’ म्हणायचं. जो आपल्या तोंडानं आपलं चांगलं सांगतो त्याला गाव फुशारक्या म्हणतं आणि त्याच्याकडं पोरगी देत नाही. पण आपल्या गावातल्या दुसऱ्याच्या पोराची बढाई मारायची असेल, तर मात्र मोकळं रान. विशेषतः सोयरिकीसाठी बाहेरून कोणी चौकशीला आलं की सारं गाव एका दिलानं खोटं बोलतं. पाच एकर असेल तर पंधरा सांगतात. पोरगा खर्रा खाऊन लाल दात घेऊन समोर उभा असला तरी ‘सुपारीचं खांडही खात नाही’ म्हणतात. यात कोणाला पाप वाटत नाही. आज तुमच्या पोराचं आम्ही सांगितलं, उद्या आमच्याचं तुम्ही सांगा. पाहुणेही हे जाणून असतात, ते ऐकलेल्याचं निम्मं धरून चालतात, आणि व्यवहार ठीक जमतो.

तर अशा मुलखात वाढलेला मी, बोडीच्या पारीवर उभा राहून, कारण नेटवर्क तिथंच नीट यायचं, मोबाइलवरून एका कंपनीच्या माणसाला सांगत होतो की मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे आणि लवकर शिकतो. नागपूरची कंपनी, धान-तांदळाची गोदामं सांभाळणारी, गोंदियाला तिची शाखा. जागा गोदामातल्या मालाची नोंद ठेवणाऱ्या सहायकाची. फोनवरची मुलाखत झाली, मग गोंदियाला बोलावलं. या खेपेला कागद माझा मी केला होता आणि त्यात भजन नव्हतं. तिथल्या मॅडमनी हिंदीतून विचारलं, दोन साल से क्या कर रहे हो? मी म्हणालो, काम ढूँढ रहा हूँ और घर की खेती करता हूँ. हे खरं होतं, आणि खरं बोलून इतकं हलकं वाटू शकतं हे मला त्या खुर्चीत पहिल्यांदा कळलं. आठवड्याभरात फोन आला. निवड झाली. फक्त पत्त्याची आणि माहितीची पडताळणी होईल, मग पत्र मिळेल.

माय चुलीपाशी बसली होती. मी सांगितलं तर तिनं आधी दाराकडं पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही. मग हळूच म्हणाली, ‘कोनाले सांगजो नको. ढोलीत पडल्याबिगर धान म्हनू नाई.’ त्या दिवशी तिनं तांदळाची खीर केली आणि कोणी विचारलं तर म्हशीचं दूध जास्त निघालं असं सांगायचं ठरलं. बाबांनी दोन वाट्या खीर खाल्ली. ‘बरं झालं,’ एवढंच म्हणाले. पण संध्याकाळी ते ढोलीपाशी उभे राहून उगाच तिच्या बांबूवरून हात फिरवत होते, ते मी पाहिलं.

याच दिवसांत आमगावकडून माझ्यासाठी एका सोयरिकीचं बोलणं आलं होतं. मध्यस्थानं बाबांना सांगून ठेवलं होतं, एखादा माणूस गुपचूप येऊन चौकशी करून जाईल, तयार राहा. बिनानोकरीच्या पोराला आमच्या भागात कोणी दारात उभं करत नाही, तेव्हा हे बोलणं आलं यातच घर हरखून गेलं होतं. हे सारं इथं सांगतो आहे, कारण पुढं जे झालं ते यातूनच झालं.

मी त्या दिवशी अर्जुनीला गेलो होतो, कंपनीनं मागितलेलं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायला. दुपारी मोटरसायकलवर एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. पानठेल्यावर थांबून विचारलं, ‘खेमराज कहाँ रहता है? लड़का कैसा है? क्या करता है?’ पानठेल्यावर डोमाजीकाका बसले होते, आमचे शेजारी. सोयरिकीच्या कामात त्यांच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नव्हता. त्यांनी बॅगवाल्याला वरून खाली पाहिलं आणि ओळखलं, आमगावचा माणूस. मग काय विचारता. पोरगा नागपूरला नोकरीवर आहे, पर्मनंट, दोन वर्षं झाली, सुट्टीवर आला की बापाला शेतीत मदत करतो, इतका गुणी. बॅगवाला लिहून घेत होता. डोमाजीकाकांना तर त्याचा आदरच वाटला. आजवर कोणी त्यांचं खोटं लिहून घेतलं नव्हतं. तो आमच्या घराकडं वळताच काकांनी मोबाइलवरून बाबांना गाठलं. ‘तुलाराम, पावना येऊन राहिला. मी दोन वर्सं सांगतलो, नागपूर सांगतलो. तूबी तेच सांगजो.’

गावाचं तोंड एक असावं, ही रीतच आहे. एकानं पंधरा एकर म्हटलं आणि दुसऱ्यानं बारा म्हटलं तर सोयरीक मोडते. बाबा बांधीतून आले होते, पाय चिखलानं भरलेले. माय पोहे टाकायला आत गेली. पाहुण्यानं विचारलं, ‘लड़का दो साल से नागपूर में है ना?’ बाबा पुढं मला म्हणाले की त्या क्षणी त्यांना वाटलं, नोकरी तर लागलीच आहे, थोडं इकडं की तिकडं. म्हणाले, ‘हो. है.’ पाहुण्यानं घराचा फोटो काढायचा म्हटलं. बाबांना वाटलं, पोरीच्या आईला दाखवायचा असेल. ते म्हणाले, थांबा, आत जाऊन पाय धुतले, लग्नात घालायचा पांढरा शर्ट घातला आणि दारात ताठ उभे राहिले.

तो पडताळणीचा माणूस होता, हे आता वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. मी बोडीच्या पारीवर धावलो. वाटलं, पत्राचंच असेल. त्या म्हणाल्या, ‘आपने छुपाया. आप तो दो साल से नागपूर में जॉब कर रहे हो. आपके फादर ने खुद बताया है.’ मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, ठीक है, लेकिन रिपोर्ट में है, तो पुरानी कंपनी का रिलीविंग लेटर लाना पड़ेगा. म्हणजे, जी नोकरी मला कधी लागलीच नाही ती मी रीतसर सोडली आहे, असं त्या न लागलेल्या नोकरीच्या साहेबानं लिहून द्यायला हवं. मी मोबाइल हातात धरून पाण्याकडं बघत राहिलो. पलीकडच्या काठाला सारसांची जोडी ओरडत होती. एरवी तो आवाज ऐकला की मी थांबून पाहायचो. त्या दिवशी एक ढेकूळ उचलून त्यांच्या दिशेनं भिरकावलं.

घरी येऊन मी ओरडलो. बाबांवर इतका मी आधी कधी ओरडलो नव्हतो, नंतरही नाही. ‘कायले सांगतले तुमी? कोन विचारला होता तुमाले?’  मायनंच सगळं सांगितलं, पोह्यांपासून शर्टापर्यंत. तेवढ्यात आवाज ऐकून डोमाजीकाका आले. त्यांना वाटलं आमगावचं जमलं. खरा प्रकार कळला तेव्हा ते सपरीच्या कडेला बसले. पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

‘मंग काय झालं बे? लेटरच पायजे ना? माहा साळभाऊ नागपूरले हाय, हार्डवेअरचं दुकान हाय त्याचं. शिक्का हाय, सही हाय. मनोज टाइप करून देते. दोन वर्सं होता, आता सोडला. झालं!’

‘खोटं लेटर?’ माय म्हणाली.

‘खोटं कायचं व? आता सारं गाव म्हनून राहिलं तं खरंच झालं ना थे.’

कबूल करतो, मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मनातल्या मनात त्या लेटरचा मजकूरही तयार झाला. इतकी कव्हर लेटरं लिहून झाली होती की रिलीविंग लेटर लिहायला मला किती वेळ लागणार! एका कागदावर माझं सगळं अडलं होतं आणि कागद मिळत होता. मी काकांना म्हणालो, त्या साडूचा नंबर द्या. काका खिशात हात घालत होते.

तेव्हा बाबा म्हणाले, ‘नको देऊ.’

आम्ही सगळे त्यांच्याकडं पाहू लागलो.

‘उद्या त्या दुकानातबी कोनी पुसाले जाईन. मंग तो साळभाऊ खोटा बोलन. मंग त्याचा शेजारी. कोठवर लोकाईले खोटं बोलाले लावाचं गा?’ बाबांचा आवाज खाली होता. ‘मी बोललो, मीच जातो. सांगतो त्याईले.’

‘काय सांगान?’ मी रागानंच विचारलं.

‘हाय थे.’

दोन वर्षं जे वाक्य चुकवण्यासाठी हा माणूस शेतावर पारीवरून जात होता, ते वाक्य हा गोंदियात जाऊन अनोळखी माणसांसमोर बोलणार होता. माझा राग तिथल्या तिथं विझला आणि त्या जागी भीती आली. मी म्हणालो, राहू द्या बाबा, दुसरी पाहू. ते उठून पाय धुवायला गेले.

सकाळी काळीपिवळी जीपनं अर्जुनीला आलो आणि गोंदियाची पॅसेंजर धरली. मायनं भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला होता, तो दोघांनीही उघडला नाही. बाबांनी तोच पांढरा शर्ट घातला होता. वाटेत ते ओठ हलवत होते. मला आधी वाटलं, देवाचं नाव घेताहेत. मग ऐकू आलं, ते हिंदी जुळवत होते.

गोंदियाच्या त्या ऑफिसात मॅडम होत्या आणि त्यांच्या वरचे एक वयस्क साहेब. आम्हाला बसायला सांगितलं. बाबा बसले नाहीत. मॅडमनी संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला. त्यावर आमचं घर होतं आणि दारात बाबा, ताठ, छाती काढून, ज्याचा पोरगा नागपूरला पर्मनंट आहे असा बाप. बाबांनी त्या फोटोकडं पाहिलं, आणि मग साहेबांकडं.

‘साहब, मैं झूठ बोला. लड़का कहीं नहीं है. घर पे है. दो साल से खाली है.’

साहेब म्हणाले, ‘झूठ क्यों बोला?’

‘मेरे को लगा, लड़की वाले आए.’ बाबांच्या कपाळावर घाम आला होता. ‘खाली लड़के को कौन लड़की देगा साहब.’

मॅडमनी मान खाली घातली. हसल्या की काय, मला दिसलं नाही. साहेब हसले नाहीत. त्यांनी एक कागद पुढं केला, जे सांगितलं ते लिहून द्या. बाबांना सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून मी लिहिलं, मराठीत. माझा मुलगा खेमराज हा कोठेही नोकरीला नाही, तो बेरोजगार आहे. आयुष्यात मी लिहिलेल्या सगळ्या अर्जांत हा एकच असा होता की ज्यातला एकही शब्द फुगवलेला नव्हता. बाबांनी खाली सही केली, तुलाराम, सावकाश, एकेक अक्षर जपून. साहेब म्हणाले, ‘ठीक है. देखते हैं, बताएँगे.’

ती नोकरी मला मिळाली नाही, हे इथंच सांगून टाकतो. पुन्हा फोन आला नाही, मी केला तर जागा भरली म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आज वाटत नाही. नवा माणूस घेताना ज्याच्या घरात पहिल्याच पावली घोळ निघाला त्याला कोण ठेवून घेईल? आमगावची सोयरीकही गेली. डोमाजीकाकांनी खऱ्या पाहुण्यासमोर तोंड उघडलं नाही, आणि गाव गप्प बसलं की पाहुण्यांना जे समजायचं ते समजतं. तेलही गेलं, तूपही गेलं. पुढं मला काम मिळालं, ते बऱ्याच उशिरानं, आणि ते असं काही मोठं नव्हतं की त्याची गोष्ट सांगावी.

सांगायचं आहे ते परतीच्या गाडीतलं. दुपारची पॅसेंजर, डबा अर्धा रिकामा. समोरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता, मांडीत भाजीची पिशवी, सौंदडला उतरणारा. गाडी सुटल्यावर त्यानं रीतीप्रमाणं सुरुवात केली. कोण गाव, कोठून येऊन राहिले, धान कसं हाय. बाबा उत्तरं देत होते. मला ठाऊक होतं, आता काय येणार. मी खिडकीकडं तोंड फिरवलं. बाबांना खोटं बोलताना माझ्याकडं पाहावं लागू नये, एवढंच त्या वेळी माझ्या हातात होतं.

‘पोरगा होय का?’ म्हाताऱ्यानं विचारलं. ‘काय करते?’

गाडी एका पुलावरून जात होती, त्या आवाजात बाबांना थोडा वेळ मिळाला असता. त्यांनी तो घेतला नाही.

‘नोकरी धुंडून राहिला,’ बाबा म्हणाले.

आवाज खाली घेतला नव्हता. पलीकडच्या बाकावरच्यांनाही ऐकू गेलं असेल. म्हातारा म्हणाला, ‘भेटन ना. काऊन नाई भेटन.’ बोलणं तिथं संपलं असतं. पण बाबाच पुढं झाले, कोपरानं मला हलकेच ढोसलं, आणि ज्या माणसानं जन्मात माझ्याबद्दल चांगला शब्द काढला नव्हता तो त्या अनोळखी म्हाताऱ्याला सांगू लागला, ‘अर्ज सोताच लिवते. इंग्रजीत. एक पसंत नाई आला तं फाडून पुन्हा लिवते. म्या पायलो.’